लहान्या भिकूचं गप्प बसणं

मालक आणि नोकर, बंगला आणि चाळ यांच्यातली दरी दाखवणारा हिंदी गुन्हेगारीपट आला की चर्चा हमखास एखाद्या नटाच्या कामावर येऊन थांबते. त्यामागे मोठा इतिहास आहे. ही दरी आधी संवादांतून ऐकू यायची. नटाच्या पाठीत, मानेत, बसण्याउठण्यात ती उतरली १९८० च्या सुमारास, ‘आक्रोश’मध्ये ओम पुरी यांनी केलेल्या लहान्या भिकूच्या रूपाने, आणि तो टप्पा आम्हा खान्देशातल्या लोकांना फार जवळून ओळखू येतो.

सुरुवात १९५१ च्या ‘आवारा’पासून धरायला हरकत नाही. चोराचा मुलगा चोरच होणार असं मानणारा न्यायाधीश आणि त्याचाच, रस्त्यावर वाढलेला मुलगा. माणूस गुन्हेगार होतो तो परिस्थितीने, रक्ताने नव्हे, हे ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लेखणीने ठणकावून मांडलं आणि पृथ्वीराज व राज कपूर या खऱ्या बापलेकांनी ते पडद्यावर उभं केलं. पुढे ‘दीवार’मध्ये (१९७५) बूटपॉलिश करणारा पोरगा फेकलेले पैसे उचलत नाही. मोठेपणी, आईने जिथे विटा वाहिल्या ती इमारतच तो विकत घेतो. यात्रेतल्या तंबूत असल्या प्रसंगांना पुढे जमिनीवर बसलेली माणसं शिट्ट्या मारायची, मागचे खुर्चीवाले शांत असायचे. सलीम-जावेद यांच्या लिखाणाची ती ताकद होती. पण त्यातला नायक विजय, म्हणजे अमिताभ बच्चन, गरिबीतही मान ताठ ठेवून चालतो. आमच्याकडचा एकही सालदार तसा चालत नव्हता.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं, हिशेब व्हायचा. उचल अंगावर राहिली असेल तर पुढचं सालही त्याच घरी. माझ्या आजोबांचा, म्हणजे आप्पांचा, सालदार ओट्यावर कधी टेकला नाही. पायरीच्या खाली उकिडवा बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये, नजर मातीत. त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. आप्पा विचारायचे, “का रे, बोलस का नही?” तो म्हणायचा, “हाव आप्पा.” पुढे काही नाही.

गोविंद निहलानी यांच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) ओम पुरी असेच गप्प राहतात. लहान्या भिकू हा आदिवासी. बायकोचा खून केल्याचा आळ त्याच्यावर आहे. वकील भास्कर कुलकर्णी, म्हणजे नसीरुद्दीन शाह, परोपरीने विचारतो, पण लहान्या तोंड उघडत नाही. तिच्यावर अत्याचार करणारी माणसं गावातली बडी धेंडं आहेत, आणि घरात म्हातारा बाप, लहानगं मूल, तरुण बहीण आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्य पात्राला जवळजवळ मुकं ठेवण्याचं धाडस त्यांनी केलं आणि सगळा भार नटाच्या डोळ्यांवर टाकला. बापाच्या अंत्यविधीला हातकड्या घालून आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. बायकोचं झालं ते हिचं होऊ नये म्हणून. त्यानंतरची त्याची किंकाळी मी पहिल्यांदा टीव्हीवर ऐकली तेव्हा घरात कुणी हललं नव्हतं. माझ्या मते हिंदी गुन्हेगारीपटात याहून मोठं काम आजवर झालेलं नाही.

हा सिनेमा खान्देशावरचा नाही. पण तो आला त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आमच्या शहादा-तळोदा भागात भिल्ल शेतमजूर आपले पुढारी अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे उभे राहिले होते, हातातून गेलेल्या जमिनी परत मागत होते. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. पायरीखालची माणसं बोलायला लागली की काय होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना लहान्याच्या गप्प बसण्यामागची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ओम पुरी स्वतः लहानपणी चहाच्या टपरीवर राबलेले. चेहरा नायकाचा नाही, हे त्यांनी अनेकदा ऐकलं. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मधल्या फौजदार वेलणकरसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीने खलनायकाचा थाटच बदलून टाकला. मग वाट रुंद झाली. ‘सत्या’तला (१९९८) भिकू म्हात्रे बिहारच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मनोज बाजपेयींनी केला. एकेकाळी वॉचमनची नोकरी केलेले नवाजुद्दीन सिद्दिकी त्याच वाटेने पुढे आले.

‘आक्रोश’मधली लहान्याची बायको नागी म्हणजे स्मिता पाटील. तिचं घराणं शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील राज्यात मंत्री झालेले. आमच्या भाषेत सांगायचं तर ओट्यावरचं घर. पायरीखालच्या बाईचं काम करताना तिने दया आणली नाही, रडवेपणा आणला नाही. भूमिका छोटी आहे, बरीचशी लहान्याच्या आठवणींतून येणारी, तरी ती डोळ्यांपुढून हलत नाही. तीन वर्षांनी ‘अर्धसत्य’मध्ये तीच स्मिता कॉलेजात शिकवणारी ज्योत्स्ना झाली, फौजदाराला तोंडावर प्रश्न विचारणारी. त्या ज्योत्स्नेच्या चालण्याबोलण्यात नागीची एकही लकब सापडत नाही. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले तेव्हा मी मुद्दाम शोधली होती.