मिशिगन सरोवरातील सॅमन : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिशिगन सरोवरात उन्हाळाभर सॅमनच्या शोधात नौका फिरत असतात आणि शरद ऋतू लागला की मॅनिस्टी, लडिंग्टन, फ्रँकफर्ट या किनाऱ्यावरच्या गावांतील धक्क्यांवर गळ टाकणाऱ्यांची दाटी होते. या भागातील पर्यटनाचा मोठा आधार असलेला हा मासा मात्र मूळचा इथला नाही. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या या गोड्या पाण्यात तो प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरून आणून वाढवला गेला, आणि त्यामागे आधीच्या शतकभरात सरोवराची झालेली हानी आहे.

पूर्वी या सरोवरातील मुख्य शिकारी मासा लेक ट्राउट हा होता आणि किनाऱ्यावरील व्यावसायिक मासेमारी बऱ्याच अंशी त्याच्यावर चाले. समुद्रातील जिवांना मिशिगनसह वरच्या बाजूच्या सरोवरांत शिरू न देणारा नायगारा धबधबा हा नैसर्गिक बांध होता. परंतु जहाजांसाठी खोदलेला वेलंड कालवा १८२९ मध्ये सुरू झाला आणि धबधब्याला वळसा घालणारी वाट तयार झाली. पुढे कालव्याचा विस्तार झाल्यानंतर सी लॅम्प्रे हा जबडा नसलेला, मोठ्या माशांना चिकटून त्यांचे रक्त शोषणारा जीव वर सरकला आणि १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात आढळला. आधीच अतिरिक्त मासेमारीने खचलेला ट्राउट १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथून जवळजवळ नाहीसा झाला. लॅम्प्रेला आवर घालण्यासाठी अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५५ मध्ये संयुक्त आयोग स्थापन केला. संशोधकांनी हजारो रसायने तपासल्यानंतर लॅम्प्रेच्या अळ्यांना मारणारे रसायन हाती लागले आणि १९५८ पासून ते नद्या-ओढ्यांत वापरले जाऊ लागले.

तोपर्यंत मोकळ्या झालेल्या पाण्यात दुसरा परका मासा माजला होता. हेरिंगच्या कुळातला लहानसा एलवाइफ १९४९ मध्ये या सरोवरात नोंदला गेला आणि त्याला खाणारे कोणी उरले नसल्यामुळे काही वर्षांतच सरोवर त्याने भरून गेले. १९६७ च्या उन्हाळ्यात तो प्रचंड संख्येने मेला. शिकागोसह किनाऱ्यावरील अनेक ठिकाणी कुजणाऱ्या माशांचे थर साचले आणि ते यंत्रांनी उचलावे लागले.

उपाय मात्र त्याआधीच योजला गेला होता. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाची सूत्रे १९६४ मध्ये हॉवर्ड टॅनर यांच्याकडे आली. लॅम्प्रे आटोक्यात येत होता आणि एलवाइफच्या रूपाने खाद्य मुबलक होते. त्याच सुमारास प्रशांत किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्यात कोहो या जातीच्या सॅमनची अंडी गरजेपेक्षा जास्त उपलब्ध असल्याचे टॅनर यांना कळले. ती मागवून मत्स्यबीज केंद्रांत पिल्ले वाढवण्यात आली आणि १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीत व मॅनिस्टीच्या परिसरातील ओढ्यात सोडण्यात आली. जागेची ही निवड विचारपूर्वक होती, कारण समुद्राकडे निघण्याच्या वयात सॅमन ज्या नदीच्या पाण्याचा गंध घेतो, त्याच नदीत तो पूर्ण वाढ झाल्यावर विणीसाठी परततो. इथे समुद्राची जागा सरोवराने घेतली. १९६७ च्या शरदात भरदार कोहो परतले तेव्हा लोकांची इतकी झुंबड उडाली की छोट्या गावांतील रस्ते आणि धक्के अपुरे पडले. त्याच हंगामात, २३ सप्टेंबरला, अचानक उठलेल्या वादळात लहान होड्या सापडल्या आणि सात जणांचा बळी गेला. या यशाच्या कथेत तो दिवस विसरला जाऊ नये. चिनूक ही सॅमनची दुसरी जातही १९६७ मध्येच सोडण्यात आली आणि पुढे तोच या मासेमारीचा मुख्य मासा ठरला.

टॅनर यांचा निर्णय धाडसी होता, आणि माझ्या मते त्या परिस्थितीत समर्थनीयही. पण त्याबरोबर राज्याचे धोरणच बदलले : मासा प्रथम गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांचा मानला गेला आणि व्यावसायिक जाळ्यांवर निर्बंध आले. या भागातील मूलनिवासी जमातींनी अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३६ च्या करारात आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. तो मान्य करून घेण्यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले आणि १९७९ मध्ये संघीय न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

दरम्यान, ज्याला संपवण्यासाठी सॅमन आणला त्या एलवाइफवरच तो अवलंबून राहू लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मूत्रपिंडाच्या जिवाणूजन्य रोगाने चिनूक मोठ्या प्रमाणावर मेले. नंतर जहाजांत तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी सूक्ष्म प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) गाळून घेतल्यामुळे अन्नसाखळीचा पायाच झिजला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यामागोमाग तिथली चिनूकची मासेमारीही बसली. तीच वेळ मिशिगन सरोवरावर येऊ नये म्हणून २०१३ पासून तिथे चिनूकची पिल्ले सोडण्याचे प्रमाण बरेच घटवण्यात आले. किनाऱ्यावरच्या काही मच्छीमारांना ही कपात रुचली नाही. एलवाइफ खाल्ल्याने ट्राउटच्या शरीरात थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता होऊन त्याची पिल्ले दगावतात, त्यामुळे मूळच्या माशाचे पुनरुज्जीवन आणि सॅमनचे खाद्य टिकवणे ही दोन उद्दिष्टे एकमेकांना छेद देतात. शिवाय आज चिनूकपैकी मोठा हिस्सा नद्यांतच नैसर्गिकरीत्या जन्मतो, आणि तेवढ्या माशांची संख्या मत्स्यविभागाला मत्स्यबीज कमी-जास्त करून ठरवता येत नाही.