टायमिंग बेल्ट तुटलाय? पुन्हा सेल्फ मारू नका

चालती गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय असं वाटलं, तर टायमिंग बेल्ट गेला असण्याची शक्यता मोठी आहे. इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाणं, उरलेलं नसतं, म्हणून ते असं फिरतं. अशा वेळी "अजून एकदा मारून बघू" असं करू नका, गिअरमध्ये टाकून ढकलस्टार्टही नको. गाडी न्यूट्रलमध्ये टो करून आणा. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच मागवा.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो, आणि हे गणित बेल्ट सांभाळतो. इंजिन २,००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडून बंद होतो. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पिस्टन मात्र गाडीच्या वेगाने वर येतच राहतो. ज्या इंजिनात दोघांची जागा सामायिक असते, तिथे तो व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा असते. तिथे नवा बेल्ट घालून गाडी सुखरूप चालू होते. डिझेलमध्ये ती आशा जवळजवळ धरूच नये.

आपल्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे आधी माहीत करून घ्या. डस्टरचं १.५ लिटर डिझेल, जुनी इनोव्हा २.५ डिझेल, इकोस्पोर्ट डिझेल यांना बेल्ट आहे. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन होती.

गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली की आम्ही लगेच हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवत नाही. कव्हर काढून तुटलेला बेल्ट बघतो, टायमिंगच्या खुणा जुळवतो, बेल्ट चढवतो आणि इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो. कुठे अडलं तर तिथेच थांबतो. मग एकेका सिलिंडरमध्ये हवा सोडतो. या वेळी तुम्ही शेजारी उभे राहा, कान लावा. सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बसत नाहीये, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेकचा. ऑइलच्या झाकणातून आला तर पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागेल.

म्हणूनच आमचं एस्टिमेट दोन टप्प्यांत असतं. आधी तपासणी आणि हेड उतरवण्याची मजुरी, मग उघडल्यावर दुरुस्तीचा आकडा. हेड उघडण्याआधी पूर्ण खर्च ठामपणे सांगणं आम्हाला प्रामाणिक वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात मुलुंडहून एक निवृत्त शिक्षक गाडी घेऊन आले. बेल्ट दोन वर्षांपूर्वीच बदललेला, त्यामुळे त्यांचा विश्वासच बसेना. रस्त्यात मदतीला आलेल्यांनी सेल्फ सहा-सात वेळा मारला होता. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यावर नखाने कोरल्यासारख्या चार चंद्रकोरी दिसल्या. एक व्हॉल्व्ह काढून काचेच्या तुकड्यावर लोळवून दाखवला, तर दांडी दर फेऱ्याला काचेवरून उचलली जात होती. नुसत्या डोळ्यांना तो सरळच वाटत होता. कारण मात्र वॉटर पंपात सापडलं. बेल्ट बदलताना जुनाच पंप ठेवला होता. त्याचं बेअरिंग जाम झालं आणि नव्या बेल्टचे दात सोलून निघाले. त्या दिवसापासून आमचा हट्ट आहे की बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुली) आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप बदलायचाच. पुन्हा तेवढंच खोलण्याची मजुरी वाचते, हा हिशेब तर आहेच. पण त्या सरांना बिल देताना आम्हाला जे वाटलं, ते पुन्हा वाटून घ्यायचं नाही.

दुरुस्तीत वाकलेले व्हॉल्व्ह सरळ करून वापरण्याचा आग्रह कृपया धरू नका. वाकून सरळ केलेली दांडी पुढे तुटू शकते, आणि तुटलेला तुकडा पिस्टन फोडतो. नवे व्हॉल्व्ह, नवे स्टेम सील घालतो. गाइडला, म्हणजे दांडी सरकते त्या नळीला, तडा आहे का ते बघतो, सीट लॅपिंग करतो, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो ती कड घासून जुळवतो. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओततो. थोडा वेळ ठेवून एकाही पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेत) ओल दिसली नाही, तरच ते पास. हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासतो, गरज असेल तरच फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घेतो. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो तेही मोजतो, कारण कनेक्टिंग रॉड वाकला असेल तर तो इथेच पकडला जातो. हेडचे बोल्ट ताण खाऊन लांबणारे असतील तर नवेच घालतो.

कॅमशाफ्ट किंवा हेडच तुटलं असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं हेड आणायचा पर्याय निघतो. तो आम्ही नाकारत नाही, पण तेही वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांतून जाईल. त्याचा खर्च आधीच धरा.

विम्याबद्दल रोज विचारणा होते. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज बसत नाही. बेल्ट आपोआप तुटला असेल तर क्लेमच्या भरवशावर राहू नका.

बेल्ट कधी बदलायचा? मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरा. मुंबईत आम्ही वर्षांकडे जास्त बघतो. सायन किंवा अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये तासाभरात दहा किलोमीटर होतात, पण बेल्ट तासभर फिरलेला असतो. मीटर त्याचं वय कमी दाखवतं. ऑइल किंवा कूलंटची गळती बेल्टपर्यंत पोचली असेल, पुराच्या पाण्यात गाडी अडकली असेल किंवा पार्किंगमध्ये उंदरांचा वावर असेल, तर मुदतीची वाट न बघता कव्हर उघडून घ्या. गाडी जुनी घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल मिळालं नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा.

काम झाल्यावर काढलेले व्हॉल्व्ह, बेल्ट आणि पंप पिशवीत घालून तुमच्या हाती देतो. घरी नेऊन काचेवर लोळवून बघा. पहिल्या १,००० किलोमीटरनंतर गाडी एकदा आणा, कूलंटची पातळी आणि हेडच्या कडेची ओल बघायला पंधरा मिनिटं लागतात, त्याचे पैसे घेत नाही.