एकाच छपराखालची दुसरी प्रत

बेळगावात वळीव आला की विजांचा कडकडाट ठरलेलाच असतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या अशाच एका संध्याकाळी वडगावातील आमच्या घरी संगणक चालू होता आणि घरातील लग्नांचे फोटो व आजोबांच्या मोडी कागदांची स्कॅन ज्या हार्ड डिस्कवर बॅकअप म्हणून ठेवली होती, तीही यूएसबीच्या वायरीने त्यालाच जोडलेली होती. जवळच वीज कोसळली, तारांतून जादा दाब आत शिरला आणि मूळ व प्रत दोन्ही एका क्षणात निकामी झाली.

म्हणूनच घरची डिस्क बरी की क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची दूरची साठवण, हे ठरवताना किमतीआधी एवढेच विचारावे, की मूळ आणि प्रत एकाच वेळी नष्ट करील असा अपघात कोणता? ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा पात्राबाहेर आल्या, तेव्हा चिकोडी, अथणी, गोकाक भागांतील कित्येक घरांत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेली डिस्क अशा वेळी संगणकाबरोबरच बुडते.

घरच्या डिस्कचा मोठा गुण म्हणजे वेग. 500 जीबी माहिती सेकंदाला 100 एमबी या वेगाने डिस्कवर दीड तासाच्या आत उतरते. तीच माहिती सेकंदाला 10 मेगाबिट अपलोड मिळणाऱ्या जोडणीवरून क्लाउडवर चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात, कारण इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि एका बाइटमध्ये 8 बिट असतात. (जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.)

क्लाउड म्हणजे तरी दूरच्या इमारतीतील डिस्काच. तेथे एक डिस्क बिघडली तरी माहिती इतर डिस्कांवरून परत उभी करता येते. पण मार्च 2021 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एक आख्खे डेटा सेंटर जळाले आणि ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, त्यांची माहिती कायमची गेली. त्याहून फसवी गोष्ट सिंकची, म्हणजे घरची आणि क्लाउडवरची फाइल आपोआप सारखी ठेवण्याच्या सोयीची आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: घरी चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या घातक प्रोग्रामने) कुलूपबंद केलेली फाइल क्लाउडवरही तशीच होते, आणि जुन्या आवृत्त्या ठरावीक काळ राखून ठेवणारी सेवा नसेल तर मागे फिरता येत नाही.

आता आमची एक डिस्क काम संपताच वायर काढून ठेवली जाते, दुसरी निपाणीला बहिणीकडे असते आणि निवडक कागदपत्रे क्लाउडवर आहेत. गणपतीत घरी आलेली बहीण डिस्क बदलून नेते. त्याआधी एखादा फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहतो. गेल्या वर्षी त्यातल्या एका फोल्डरमध्ये फाइलींची नावे तेवढी होती, आकार मात्र शून्य बाइट.