लॅपटॉप बंद करणे (शटडाऊन)

चालू आज्ञावल्या (प्रोग्रॅम) आवरून, स्मृतीत (मेमरीत) साठलेली पण डिस्कवर न उतरलेली माहिती लिहून घेऊन मग वीजपुरवठा तोडण्याची क्रिया. पडदा काळा होणे किंवा झाकण मिटणे म्हणजे बंद होणे नव्हे. झाकण मिटल्यावर बहुतेक लॅपटॉप केवळ झोपी (स्लीप) जातात.

क्रमाने बंद करण्याची शिस्त लॅपटॉपपेक्षा जुनी असून ती सामायिक वापराच्या मोठ्या संगणकांवर रुजली असावी. अशा संगणकांवरील युनिक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) लेखन काही काळ स्मृतीत राखून ठेवी. ते डिस्कवर पाठवण्यासाठी ‘सिंक’ ही आज्ञा असे. यंत्र थांबवण्यापूर्वी ती तीनदा टंकण्याच्या रिवाजाबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते त्यामागे निव्वळ सवय होती, तर काहींच्या मते तीन ओळी टंकेपर्यंत डिस्कला काम उरकायला अवधी मिळे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण जुन्या युनिक्समध्ये ‘सिंक’ लेखन सुरू करून देई, ते पुरे होण्याची वाट पाहत नसे.

पुढे यंत्र चालू-बंद करण्याच्या बटणाचा ताबा कार्यप्रणालीकडे आला. १९९२ च्या एपीएम या वीज-व्यवस्थापनाच्या मानकानंतर इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे त्याच विषयाचे पुढचे मानक जाहीर केले. त्यात एस३ ही झोप (स्मृतीला वीज चालू), एस४ ही शीतनिद्रा (स्मृतीची प्रत डिस्कवर) आणि एस५ ही बंद अवस्था होय. एस५ मध्येही बटण ओळखण्यापुरती वीज वाहते. बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास प्रणालीला न विचारता यंत्र बंद पडते. जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) ठेवणाऱ्या संचिका-प्रणालीत (फाइल सिस्टीम) अशा वेळीही डिस्कची रचना सहसा शाबूत राहते. जतन न केलेला मजकूर मात्र जातो.

विंडोज ८ (२०१२) पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शटडाऊन दिल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो. संपूर्ण नवी सुरुवात रीस्टार्टने, किंवा शिफ्ट दाबून शटडाऊन दिल्याने होते. बिघाड दुरुस्त करताना हा फरक हमखास विसरला जातो.

मराठवाड्यात भारनियमन आणि वळवाच्या वादळात जाणारी लाइट यांमुळे या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. चांगली बॅटरी असलेला लॅपटॉप लाइट गेल्यावरही रीतसर बंद करता येतो. बॅटरी बसलेला, केवळ चार्जरवर चालणारा लॅपटॉप मात्र अशा वेळी टेबलावरच्या संगणकासारखाच एका क्षणात बंद पडतो. ई-सेवा केंद्रात ऐन अर्ज भरताना असे झाल्यास तो पुन्हा भरावा लागू शकतो. मे महिन्यात लातूर-परभणीच्या उन्हात झोपेतला लॅपटॉप पिशवीत कोंबणेही बरे नाही. काही नव्या यंत्रांत झोपेतही प्रोसेसर अधूनमधून जागा होतो व कोंडलेली उष्णता वाढते. विजा कडाडू लागल्यास शटडाऊननंतर चार्जरची पिनही सॉकेटमधून काढतात, कारण बंद यंत्रालाही तारेतून येणारा दाबाचा झटका बसू शकतो.