धावपट्टी-सुरक्षा : जमिनीवर विमानांची टक्कर टाळण्याची व्यवस्था (इंदूर विमानतळाच्या संदर्भात)

विमानतळावर उभी असलेली, चालणारी, उतरणारी आणि उडणारी विमाने एकमेकांवर किंवा वाहनांवर आदळू नयेत यासाठी जमिनीवरच्या खुणा, दिवे, रेडिओवरील बोलण्याचे नियम आणि टेहळणीची यंत्रे मिळून ही व्यवस्था बनते. तिचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे धावपट्टी. एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेवर, विमान सावकाश सरकते, तिथे चुकले तर बहुतेक वेळा पंखाचे टोक मोडण्यावर निभावते. धावपट्टीवर धावणारे जेट विमान मात्र ताशी दोन-अडीचशे किलोमीटरच्या वेगात असते आणि समोर अडथळा दिसल्यावर ते वळवताही येत नाही. म्हणून उतरण्या-उडण्यासाठी राखलेल्या क्षेत्रात विमान, वाहन किंवा माणूस चुकून असणे, एवढ्यालाच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ‘रनवे इन्कर्जन’ म्हणते. टक्कर झालीच पाहिजे असे नाही. नुसते तिथे असणेही नोंदवले जाते, त्याची चौकशी होते.

इंदूरची धावपट्टी

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे. नवरात्रात बिजासन टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या इंदूरकर मराठी कुटुंबांतली मुले तिथून विमानांची ये-जा बघत उभी राहतात. इथे एकच धावपट्टी आहे, लांबी सुमारे २,७५० मीटर. तिच्या एका टोकाचे नाव ०७ आणि दुसऱ्याचे २५. ही नावे दिशेवरून पडतात : ०७ वरून निघालेल्या विमानाचे नाक साधारण ७० अंशांकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येला असते आणि २५ वरून निघालेल्याचे २५० अंशांकडे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तोंड करून विमान उतरते, त्यामुळे वापरातले टोक वाऱ्याप्रमाणे बदलते.

एकच धावपट्टी असली की मुंबईसारखा एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांचा गुंता नसतो. पण येणारे आणि जाणारे विमान एकाच पट्टीवर मागेपुढे बसवावे लागते, आणि पट्टी मोकळी आहे की नाही या एकाच प्रश्नावर सगळे अवलंबून राहते. ज्या विमानतळावर पट्टीला पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाने धावपट्टीपर्यंत ये-जा करण्याचा रस्ता, नसतो, किंवा असूनही तो बंद असतो, तिथे विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेने टोकापर्यंत जाऊन वळावे लागते. याला बॅकट्रॅक म्हणतात. त्या काही मिनिटांत पट्टी अडलेली असते, आणि विमानांना परवानग्या देणारे नियंत्रक जिथे बसतात त्या टॉवरमध्ये ते क्षणभरही विसरले जाऊ नये.

रेषा, पाट्या, दिवे

टॅक्सीवेवरच्या रेषा पिवळ्या आणि धावपट्टीवरच्या पांढऱ्या असतात. टॅक्सीवे धावपट्टीला मिळण्याआधी चार पिवळ्या रेषा आडव्या ओढलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. समोर सलग रेषा आल्या तर परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. तुटक रेषांच्या बाजूने येणारे विमान धावपट्टी सोडून बाहेर पडत असते, त्याने थांबू नये. मोठी जेट विमाने यंत्रांच्या साहाय्याने जिथे उतरतात तिथे ही थांबण्याची जागा धावपट्टीच्या मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचे नाव लिहिलेले असते. लाल पाटी म्हणजे सक्ती. रस्ता दाखवणाऱ्या पाट्या पिवळ्या आणि आपण कुठे आहोत ते सांगणाऱ्या काळ्या असतात.

रात्री टॅक्सीवेच्या कडेला निळे दिवे आणि मध्यरेषेवर हिरवे दिवे असतात. थांबण्याच्या जागी काही विमानतळांवर जमिनीत लाल दिव्यांची आडवी रांग बसवलेली असते, तिला स्टॉप बार म्हणतात. ती लाल असताना ओलांडायची नाही, रेडिओवर परवानगी मिळाली असली तरी. शब्द चुकला तरी वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक खरी गोष्ट उरते, म्हणून हे दिवे फार मोलाचे आहेत. मोठ्या महानगरांपुरते ते राहू नयेत, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

परवानगीचे बोलणे

इंदूरहून पुण्याला निघालेल्या विमानाला इंजिन सुरू करणे, मागे ढकलणे, टॅक्सी करणे, धावपट्टीवर येणे आणि उड्डाण यांच्या परवानग्या पायरीपायरीने घ्याव्या लागतात. धावपट्टीपाशी थांबा, ती ओलांडा, तिच्यावर येऊन थांबा, उड्डाण करा, उतरा यांपैकी कोणतीही सूचना मिळाली की वैमानिकाने ती धावपट्टीच्या नावासकट जशीच्या तशी परत म्हणायची. नियंत्रकाने ती ऐकायची आणि चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. नुसते ‘रॉजर’, म्हणजे ‘ऐकले’, म्हणून चालत नाही.

ही शिस्त फार मोठी किंमत देऊन आली आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दुसरीकडून वळवलेल्या विमानांनी एप्रन भरून गेला होता, त्यामुळे केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरूनच बॅकट्रॅक करत होती. दाट धुके होते. पॅन ॲमचे विमान अजून पट्टीवर असताना केएलएमच्या कप्तानाने परवानगीशिवाय धाव सुरू केली. दोन संदेश एकाच वेळी सुटल्याने रेडिओवर फक्त कर्कश आवाज उमटला आणि सावध करणारे शब्द त्यात बुडाले. ५८३ माणसे गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वाधिक बळींचा अपघात आहे. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला.

चूक दर वेळी वैमानिकाचीच असते असे नाही. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिसला नियंत्रकाने एक लहान प्रवासी विमान धावपट्टीवर उभे केले आणि ते ध्यानातून निसटल्याने त्याच पट्टीवर बोइंग ७३७ ला उतरायला सांगितले. ३५ जणांचा मृत्यू झाला. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी धुक्यात एक छोटे जेट चुकीच्या टॅक्सीवेने उडणाऱ्या विमानासमोर आले. जमिनीवरचे जुने रडार काढलेले होते आणि नवे सुरू झालेले नव्हते. तिथे ११८ बळी गेले. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी, भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे विमान आपल्याला परवानगी मिळाली आहे अशा समजुतीने धावपट्टीवर आले आणि उतरणारे एअरबस ए३५० त्यावर आदळले. एअरबसमधील सर्व ३७९ माणसे वाचली. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. त्या ठिकाणचे स्टॉप बार दिवे तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते.

इंदूरशी थेट जोडलेली घटना ८ जून २०२४ ची. इंदूरहून मुंबईला गेलेले इंडिगोचे विमान धावपट्टीवर टेकले तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान त्याच पट्टीवर उड्डाणासाठी धावत होते. ते वर उचलले गेले आणि टक्कर झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली, संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले. मुलाबाळांना भेटायला मुंबईला जाणारी कितीतरी इंदूरकर माणसे याच मार्गाने प्रवास करतात, म्हणून या घटनेकडे दूरची बातमी म्हणून पाहता येत नाही.

यंत्रांची मदत

धुक्यात किंवा रात्री टॉवरच्या काचेतून पट्टीचे दुसरे टोक दिसेनासे होते. अशा वेळी जमिनीवरचे रडार आणि विमानांच्या ट्रान्सपाँडरचे (आपली ओळख रेडिओने आपोआप कळवणाऱ्या यंत्राचे) संकेत टिपणारी यंत्रे एकत्र करून नियंत्रकाला पडद्यावर प्रत्येक विमान नावासकट दाखवता येते. दिल्लीसारख्या विमानतळांवर अशी यंत्रणा आहे. जिथे ती नाही तिथे दृश्यमानता घटली की एका वेळी हलणाऱ्या विमानांची संख्याच कमी करतात. हिवाळ्यातल्या सकाळी विमान जागेवरून हलत नाही तेव्हा प्रवासी वैतागतात, पण ते थांबणे हाच उपाय असतो.

एप्रनवर

पंखांच्या टोकांची घासाघीस मुख्यतः एप्रनवर आणि धावपट्टीपाशी लागलेल्या रांगेत होते. ए३२० च्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ३६ मीटर असते आणि वैमानिकाला पंखांची टोके धड दिसत नाहीत. २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात धावपट्टीवर जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला इंडिगोच्या विमानाचा पंख घासला. दोन्हींत प्रवासी होते, कुणाला इजा झाली नाही. हे टाळण्यासाठी विमान टगने (ढकलण्याच्या ट्रॅक्टरने) मागे ढकलताना हेडसेट लावलेला कर्मचारी कॉकपिटशी बोलत राहतो आणि जागा अरुंद असेल तर पंखांच्या टोकांपाशी चालणारी माणसे नेमतात. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकू लागला की ते हलणार किंवा त्याची इंजिने सुरू होणार, असे समजून जवळची वाहने थांबतात. एप्रनवर गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो, आणि धावपट्टीवर जायचे असेल तर पाहणीच्या जीपलाही विमानाप्रमाणेच टॉवरकडून परवानगी घ्यावी लागते.