टेरिडोफायटा गेला कुठे?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पाऊस पडून झाडांवरचं बाशिंग नावाचं नेचं (फर्न) हिरवं झालं की कुणीतरी विचारतंच, हे टेरिडोफायटा, म्हणजे फर्न आणि तसल्या बिनबियांच्या झाडांचा गट, त्यातलं ना? आता काय सांगायचं, हो पण आणि नाही पण.

१७५३ पासून, लिनियसच्या वर्गीकरणात, फूल न दिसणारं सगळं एकाच गाठोड्यात होतं. १९२२ ला मुंबईच्या नेच्यांवर पुस्तक आलं त्या काळात नेच्यांच्या वर्गीकरणात पानामागच्या सोरसना, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांच्या पुंजक्यांना, मोठं महत्त्व होतं. ते असो.

खरी भानगड 'फर्न अलाइज', म्हणजे फर्नचे सोबती, या शब्दाची. लायकोपोडियम, सिलॅजिनेला, आयसोइटिस, इक्विसेटम, सायलोटम, म्हणजे जे फर्नसारखं दिसत नाही पण बी पण धरत नाही ते सगळं या डब्यात, वर फर्न धरले की झाला टेरिडोफायटा. नाहीये काय यावरून केलेला ग्रुप, दुसरं काही नाही. १९९२ मध्ये हरितलवकाच्या डीएनएत साधारण ३० हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक तुकडा उलटा फिरलेला दिसला, फर्नमध्ये उलटा, इक्विसेटम-सायलोटममध्ये उलटा, बी धरणाऱ्यांत पण उलटा, फक्त लायकोपोडियम, सिलॅजिनेला, आयसोइटिस या तिघांत मार्कँशियासारखा (ही शेवाळासारखी साधी वनस्पती) सुलटा, म्हणजे हे तिघं बाकीच्यांपासून आधीच वेगळे झालेले. मग २००१ च्या कामात इक्विसेटम आणि सायलोटम सरळ फर्नच्या घरातले निघाले आणि फर्न सिलॅजिनेलापेक्षा आंब्याला जवळचे. सायलोटमला मूळ नाही, धड पान नाही म्हणून तो जमिनीवरच्या पहिल्या झाडांचा जिवंत अवशेष असं आम्ही पेपरात लिहून मार्क घेतलेत, तो निघाला ऑफिओग्लॉसम या फर्नचा भाऊबंद.

पुढे वाद कुळं किती यावर. २००६ ला एक मांडणी आली, २०१४ ला कुळं कमी आणि मोठी करा म्हणणारी, मग २०१६ ला ९४ लेखकांनी मिळून ५१ कुळं, ३३७ प्रजाती (जीनस), ११,९१६ जाती (स्पीशीज) अशी यादी दिली. गॅलरीतला नेफ्रोलेपिस फर्न कुंडीतून हलला नाही पण दहा वर्षांत लोमॅरिऑप्सिडेसी, पॉलिपोडिएसी आणि शेवटी स्वतःचं नेफ्रोलेपिडेसी अशी तीन कुळं फिरला. मला विचाराल तर छोटी कुळंच बरी, पान बघून निदान अंदाज तरी बांधता येतो, मोठ्या कुळात सगळंच मावतं.

त्या यादीत वर्ग दोनच, लायकोपोडिऑप्सिडा आणि पॉलिपोडिऑप्सिडा, टेरिडोफायटा नावाचा गट नाहीच. यादी करणाऱ्यांनी स्वतःच्या ग्रुपच्या नावात मात्र टेरिडोफाइट ठेवलंय.