न भेटलेला माणूस इतका जवळचा का वाटतो?

"नुसतं चॅटिंगच तर होतं, आम्ही कधी भेटलोसुद्धा नाही." जोडीदाराचं ऑनलाइन प्रेमप्रकरण उघडकीला आलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याला ते मनापासून पटलेलं असतं. मला मात्र वाटतं, भेट झालेली नसते म्हणूनच हे नातं इतकं खोलवर रुजतं.

समोरासमोर बोलताना आपण शब्दांखेरीज बरंच काही टिपतो: आवाजातला कंटाळा, दाबलेली जांभई, घड्याळाकडे गेलेली नजर. मेसेजमधून हे सगळं गळतं. मग ते नातं कोरडं व्हायला हवं ना? अमेरिकी संवाद-अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये असं मांडलं की ते उलट जास्तच घट्ट होऊ शकतं. लिहिणारा खोडतो, पुन्हा लिहितो, मगच पाठवतो. वाचणाऱ्याच्या हाती येतो तो गाळून घेतलेला माणूस. उरलेल्या रिकाम्या जागा वाचणाऱ्याचा मेंदू स्वतःच्या आवडीनं भरतो. पुढे तो त्या कल्पनेतल्या माणसाशी बोलू लागतो, आणि पलीकडचाही हळूहळू तसाच वागू लागतो. हे चक्र स्वतःलाच वेग देत राहतं.

रात्रीचे साडेअकरा. आतून आवाज येतो, "गॅस बंद केलास का?" त्याच क्षणी हातातल्या फोनवर उमटतं, "जेवलास का?" प्रश्न दोन्ही काळजीचेच. पण पहिल्याला दिवसभराचा थकवा चिकटलेला असतो. दुसऱ्याला आवाजच नसतो, म्हणून आपण त्याला हवा तो आवाज देतो.

वॉल्थर आणि सहकाऱ्यांचा 2001 मधला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी गट करून ऑनलाइन काम करत होते. नव्या, अनोळखी गटांत एकमेकांचे फोटो दिसल्यावर आपुलकी वाढली. बरेच दिवस फक्त मजकुरातून ओळखणाऱ्यांत मात्र फोटोमुळे ती घटली! मनातलं चित्र खऱ्या चेहऱ्यापेक्षा सरस होतं.

पलीकडे माणूसच नसला तरी हे घडू शकतं. विवाहबाह्य संबंध जुळवून देणाऱ्या 'अ‍ॅशली मॅडिसन' या कॅनडातल्या संकेतस्थळाची माहिती 2015 मध्ये चोरीला गेली. तिथल्या कित्येक 'स्त्रिया' म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्राम होते, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी पुरुष पैसे भरत होते.

घरच्या जोडीदाराचं काय? कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या 2009 मधल्या पाहणीत 308 विद्यार्थ्यांमध्ये फेसबुकवरचा वेळ आणि मत्सर यांचं नातं स्पष्ट दिसलं. तुटक माहिती संशयाला खाद्य देते, आणि संशय आणखी शोधायला लावतो. रिकाम्या जागा भरणारा मेंदू तोच, फक्त आता त्या भीतीनं भरल्या जातात. अशा वेळी काही जण मुंबईच्या लोकलमध्ये चिकटवलेल्या वशीकरणवाल्या बाबांचा नंबर फिरवतात. ही सरळ लूट आहे. जोडीदाराच्या फोनवर गुपचूप पाळत ठेवणारी अ‍ॅप विकणारे मला याहून वेगळे वाटत नाहीत, कारण ती अ‍ॅप आणखी तुकडेच हाती देतात.

आणि चॅटला तारीख-वेळ असते. फसवलं गेलेलं माणूस एकेक मेसेज पुन्हा वाचतं आणि त्या वेळी आपण कुठे होतो ते आठवत बसतं. "14 तारीख, दुपारी 3:10. तेव्हा आईचं ऑपरेशन चालू होतं आणि हा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता."